एप्रिल आला की ग्रुप फुटतो: घरच्या पेलेट-टेबलाचं समस्या निवारण

तक्रार दरवर्षी तीच, आणि वेळही ठरलेली. सोलापुरात गड्ड्याची जत्रा उठते, थंडी ओसरते, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसेनासं होतं आणि फोन यायला लागतात: "सर, रायफल बिघडली." डिसेंबरात दहाच्या, म्हणजे टार्गेटच्या अगदी मधल्या रिंगणात बसणारी 10 मीटर एअर रायफल एप्रिलमध्ये भरकटायला लागते. चार पेलेट (शिशाचे छर्रे) एकमेकांवर, पाचवं आठच्या रिंगणात. परत तीन बरी, परत एक पळालेलं. घरचे आधी पोराला बोलतात, मग पेलेटच्या डबीला, आणि शेवटी सराफी काटा आणून घरात पेलेट निवडायचं टेबल थाटतात. टेबल झालं, काटा झाला, तरी ग्रुप, म्हणजे कागदावर एका जागी बसलेल्या शॉटचा पुंजका, फुटतोच. त्या मंडळींसाठी हे लिहितोय.

आधी एक विषय मिटवून टाकू, कारण तो हमखास निघतो. अमेरिकेतले लोक घराच्या गॅरेजमध्ये काडतुसं भरतात, त्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेले असतात. प्रेस, डाय, दारू मोजायचं यंत्र, भिंतीवर नीट टांगलेली हत्यारं. तिथे तो छंद आहे. इथे 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 5 प्रमाणे दारूगोळा तयार करायला परवाना लागतो आणि विनापरवाना केलं तर कलम 25 लागतं, ज्यात जामिनाची धावपळ ही सगळ्यात छोटी अडचण असते. बंदुकीची दारू घरात ठेवण्याचा प्रश्न स्फोटक कायद्यात जातो तो वेगळाच. त्यामुळे तसलं सामान ऑनलाइन मागवून "बघू तर काय होतंय" करू नका. आपलं टेबल एअर रायफल आणि एअर पिस्तूलवाल्यांचं. 4.5 मिलिमीटरची नळी आणि 20 ज्युलच्या आतली ताकद, एवढ्या मर्यादेतल्या हवाई बंदुकीला आपल्याकडे शस्त्र परवाना लागत नाही. स्पर्धेची 10 मीटर रायफल 8 ज्युलच्या आसपास असते, म्हणजे मर्यादेच्या निम्म्याहून कमी. ती वाढवायचा उद्योगही करू नका. ताकद वाढली की नेम सुधारतो हा गैरसमज आहे, बहुतेक वेळा उलटंच होतं.

काट्याआधी कागद

जुळे सोलापुरातल्या एका पालकांनी मला काट्याचे आकडे लिहिलेली अख्खी वही दाखवली. 0.531, 0.534, 0.529, पानंच्या पानं. मी विचारलं, "अहो, पळालेला छर्रा कुठल्या बाजूला पळतो?" ते म्हणाले, "कधी डावीकडे, कधी उजवीकडे." मग वही तिथेच मिटायला हरकत नव्हती. का ते सांगतो.

मॅचच्या पेलेटचं वजन साधारण 0.53 ग्रॅम. ते नळीतून सेकंदाला 170 मीटरच्या आसपास वेगाने निघतं आणि 10 मीटर कापेपर्यंत जमिनीकडे साधारण 17 मिलिमीटर झुकतं. आता एखादं पेलेट 0.01 ग्रॅमने जड निघालं असं धरा. चांगल्या डबीत हा फरक मोठाच म्हणायचा. वजन दोन टक्क्यांनी वाढलं, वेग सुमारे एका टक्क्याने घटला, झुकाव दोन टक्क्यांनी वाढला. 17 चे दोन टक्के म्हणजे एक तृतीयांश मिलिमीटर. तोही फक्त खाली. रायफलच्या टार्गेटवर एक दशांश गुण म्हणजे 0.25 मिलिमीटर, म्हणजे या जड पेलेटने तुमचा जेमतेम दीड दशांश गुण खाल्ला. 8.5 चा शॉट केंद्रापासून 6 मिलिमीटरहून जास्त लांब असतो. तो वजनाच्या फरकाने जाऊच शकत नाही, आणि आडवा तर अजिबातच नाही.

म्हणून कागद वाचायला शिका. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवा, पोराच्या हातातून नको, आणि प्रत्येक कागदावर पाचच शॉट मारा. प्रत्येक कागदावर वेळ, तापमान आणि रायफलच्या हवेच्या सिलिंडरचा दाब लिहा. एकाच कागदावर साठ शॉट मारले तर मधे मोठं भोक पडतं आणि त्यातून काहीही कळत नाही. असे कागद सकाळी सहाला काढा आणि दुपारी तीनला काढा.

सगळा ग्रुप एकत्र सरकला, पण आकाराने तेवढाच राहिला, तर पेलेट आणि नळी दोन्ही निर्दोष आहेत. उजेड बदललाय किंवा नेम धरायची साइट सरकलीय. ग्रुप उभा लांबला तर वेगात गडबड आहे: हवा, सील, किंवा दर शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणारा रेग्युलेटर. आडवा किंवा चहूकडे पसरला तर आधी स्क्रू बघा, मग पेलेटचा घेर. आणि पाचातलं एकच पळालं, बाकी चार घट्ट, तर बहुतेक वेळा ते पेलेट चेपलेलं होतं. टेकवून मारल्यावर ग्रुप सुंदर येतो आणि हातातून मारल्यावर फुटतो, असं असेल तर पोराला पाणी प्यायला सांगा, पंख्याखाली बसवा आणि दुपारचा सराव पहाटे न्या. जाड कॅनव्हासचं जॅकेट घालून चाळिशी ओलांडलेल्या दुपारी कोणाचाही नेम स्थिर राहत नाही. त्यात रायफलचा काय दोष?

गच्चीवर सराव करणाऱ्यांनी एक जास्तीचं बघावं. एका बाजूने ऊन साइटवर पडलं की सकाळचा ग्रुप आणि दहा वाजताचा ग्रुप वेगळ्या जागी बसतो. तापलेल्या नळीवरून हवा लवलवते, काळं टार्गेट पोहायला लागतं. साइटवर सावली करा. आणि गच्चीवर मारताना टार्गेटमागे भक्कम छर्रेपेटी व भिंत हवीच, कठड्यापलीकडे शेजारी राहतात.

स्क्रू

हे सगळ्यात कंटाळवाणं कारण आहे आणि सगळ्यात जास्त वेळा हेच निघतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी ठणठणीत होते. लाकडी दस्ता सुकतो, किंचित आकसतो, आणि नळीचा सांगाडा धरून ठेवणारे स्क्रू सैल पडतात. हाताला जाणवत नाही. कागदाला जाणवतं. जून-जुलैत तेच लाकूड ओल पिऊन फुगतं, आणि मग लोक म्हणतात, "पावसाळ्यात आपोआप बरी झाली."

उपाय: योग्य मापाची अ‍ॅलन की घ्या. कंपनीच्या पुस्तिकेत किती घट्ट ते दिलं असेल तर तेवढंच, नसेल तर छोट्या टोकाने पकडून दोन बोटांच्या जोराने बसेल तेवढं. घट्ट झाल्यावर नेलपॉलिशची एक बारीक रेघ स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर ओढा. लाल चालते, पांढरी जास्त चांगली दिसते. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला. साइटच्या बैठकीचे स्क्रू, पुढच्या साइटची पकड, दस्त्याच्या गालाची पट्टी, या सगळ्यांवर रेघ ओढून ठेवा. अ‍ॅल्युमिनियमच्या दस्त्याला लाकडाचा त्रास नाही, पण त्याला फिरणारे भाग जास्त, म्हणजे स्क्रूही जास्त.

हवा

"सर, सिलिंडर गळतोय" ही उन्हाळ्यातली दुसरी हमखास ओळ. गळत नसतो. हातपंपाने किंवा मोठ्या टाकीतून भराभर भरला की सिलिंडर तापतो, दाबाचा काटा जास्त दाखवतो, तासाभरात थंड झाला की उतरतो. याच्या उलटंही होतं: पहाटे 25 अंशाला 150 बार दाखवणारा सिलिंडर दुपारी 42 अंशाला 158 च्या पुढे जातो. हवा तेवढीच, गरमी वाढली. हळू भरा, थांबा, मग वाचा. रात्री आकडा लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी परत बघा. तेव्हाही उतरला असेल तर गळती खरी.

भरलेला सिलिंडर गाडीत ठेवून कपड्याच्या दुकानात जाऊ नका. 20 अंशाला 200 बार भरलेला सिलिंडर बंद गाडीत 60 अंशाला 227 बारवर जातो. सिलिंडरवर तयार झाल्याची तारीख कोरलेली असते. दहा वर्षं झाली की तो स्पर्धेतही चालत नाही आणि घरातही चालवू नये. दिसायला नवा दिसतो म्हणून मोह होतो, तो आवरा.

पंक्चरवाल्याकडे भरून मिळेल का, असं विचारणारेही भेटतात. त्याच्या कॉम्प्रेसरची झेप आठ-दहा बारची, आपल्याला लागतात 200. त्याच्याकडून फक्त वेळ जाईल. पण वेल्डिंगवाल्याकडचा ऑक्सिजन भरायची कल्पना कोणी मांडली तर त्याला तिथेच थांबवा. दाबाखालचा ऑक्सिजन आणि आत राहिलेला तेलाचा अंश एकत्र आले की स्फोट होतो. यात "थोडंसं" असं काही नसतं.

जुनी कार्बन डायऑक्साइडवाली पिस्तुलं अजून काही घरांत आहेत. त्यांचा उन्हाळा वेगळा. या वायूचा दाब 20 अंशाला 57 बारच्या आसपास असतो आणि 31 अंशाच्या वर तो द्रवरूपात राहतच नाही. सोलापुरात वर्षातले किती महिने दुपारी 31 च्या खाली असतो आपण? त्या पिस्तुलाचा सराव पहाटेच करायचा, दुसरा इलाज नाही.

आता काटा

वरचं सगळं झालं, तरी उभा ग्रुप थोडा लांबतोय आणि पोरगं राज्य पातळीवर दशांशासाठी झगडतंय, तर काटा काढा. काटा वाईट नाही. फक्त त्याला घरात नीट वागवत नाहीत, आणि मग तो खोटं बोलतो.

एका घरी तेच पेलेट तीनदा ठेवलं तर तीन वेगळे आकडे यायचे. काटा बदलून आणला, नवाही तसाच. घर पूर्व भागात, मागच्या गल्लीत यंत्रमाग. दिवसभर खडखडाट. घरच्यांना तो आवाज ऐकूच येत नव्हता इतकी सवय झालेली, पण टेबलावर ठेवलेल्या स्टीलच्या भांड्यातलं पाणी थरथरत होतं. 0.001 ग्रॅम वाचणाऱ्या काट्याला हा भूकंप आहे. माग बंद असताना तोल करा, हा एक मार्ग. दुसरा मार्ग आम्ही केला: टेबल भिंतीपासून हातभर पुढे ओढलं, त्यावर आपला सोलापुरी टर्किश टॉवेल चौघडी करून टाकला, त्यावर जाड शहाबादी फरशीचा तुकडा, आणि त्यावर काटा. दगडाचं वजन आणि खालची मऊ घडी, दोघांनी मिळून थरथर बरीचशी गिळली. फरशी समपातळीत आहे का ते स्पिरिट लेव्हलने बघा. गवंड्याकडची छोटी चालते.

पंखा बंद. एप्रिलमध्ये हे सांगणं क्रूर आहे, पण वरून येणारा वारा त्या छोट्या तबकडीला सतत दाबत असतो. पंखा अगदीच हवा असेल तर काट्यावर झाकण किंवा पारदर्शक डबा पालथा घाला. कूलर समोर नको. मोबाइल काट्यापासून लांब ठेवा, फोन येताना आकडा उडतो. काटा चालू करून पंधरा-वीस मिनिटं तसाच राहू द्या, कारण आतला भाग तापमानाला बसायला वेळ घेतो. फ्रीजशेजारी, खिडकीच्या उन्हात, ओव्हनवर असं काही करू नका. सेल उतरला की काही काटे इशारा न देता चुकीचं वाचतात, म्हणून निवड सुरू करण्याआधी नवे सेल घाला.

कोरड्या हवेत आणखी एक त्रास आहे, स्थिर विजेचा. प्लॅस्टिकच्या डबीतून पेलेट काढून प्लॅस्टिकच्या तबकडीत टाकलं की आकडा सरकत राहतो, थांबतच नाही. धातूची तबकडी वापरा, नायलॉनचा शर्ट घालून बसू नका आणि बोटांऐवजी बोथट टोकाचा चिमटा घ्या.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे काट्याची आपोआप शून्यावर येण्याची सवय. अनेक स्वस्त काटे अगदी बारीक बदल आला की तो कचरा समजून स्वतःच शून्य करून टाकतात. तो सरकलेला शून्य डोळ्याला दिसत नाही. म्हणून एक चांगलं पेलेट बाजूला काढा, त्याला मार्करने ठिपका द्या आणि तेच आपलं माप समजा. दर वीस-पंचवीस पेलेटनंतर ते ठिपक्याचं पेलेट परत ठेवा. आकडा तोच आला तर पुढे चला. बदलला तर मागची वीस-पंचवीस परत तोला. कंटाळा येतो, पण वहीतले आकडे यानेच खरे होतात.

निवडताना फार बारीक गट पाडू नका. 0.005 ग्रॅमचा एक गट पुरे. तीन गट होतात, मधला मोठा स्पर्धेला, कडेचे दोन सरावाला. सात-आठ गट करणारे मी पाहिले आहेत, त्यांच्या छोट्या डब्यांवर सुंदर लेबलं असतात आणि गुण तेवढेच राहतात.

पेलेट

खरं सांगायचं तर वजनापेक्षा घेर महत्त्वाचा. डबीवर डोक्याचं माप लिहिलेलं असतं: 4.49, 4.50, 4.51 असं. कुठलं माप तुमच्या नळीला जमतं ते नळीच ठरवते. प्रत्येक मापाचे दहा-दहा टेकवून मारा, घट्ट ग्रुपवाली डबी घ्या. डबीवरचा लॉट नंबर लिहून ठेवा आणि तोच लॉट मिळेल तेवढा उचला. दुकानदार "तेच आहे, फक्त नवीन माल आलाय" म्हणतो, तेव्हा त्या नव्या मालाचीही आधी चाचणी करायची. एप्रिलच्या तक्रारीत बऱ्याचदा हिवाळ्यातली डबी संपून नवी फोडलेली असते, हे कोणाच्या लक्षातच येत नाही.

चेपलेलं पेलेट ओळखायला काचेचा तुकडा घ्या, जरासा तिरका धरा आणि पेलेट घरंगळत सोडा. एकीकडचा घेर लहान-मोठा असल्याने ते वळसा घेत जातं, त्यात बिघाड नाही. वळसा घेताना उड्या मारलं किंवा डुगडुगलं तर मागची कड वाकलेली आहे, बाजूला काढा. पातळ कड डबी पडली तरी वाकते. दुचाकीच्या डिकीत खडखडत आलेल्या डबीत अशी हमखास सापडतात. डबीतल्या रिकाम्या जागेत फोमचा तुकडा भरा.

मागांच्या भागात कापसाचे तंतू हवेत असतात. ते उघड्या ट्रेमध्ये पेलेटवर बसतात आणि ट्रिगरच्या फटीतही जातात. ट्रे झाका, ट्रिगरला तेल चोपडू नका, तेलाला तंतू चिकटतात आणि लगदा होतो. नळी दर आठवड्याला घासायचीही गरज नाही. फेल्टच्या गोळीने साफ केली की पुढचे काही शॉट इकडेतिकडे जातात, नंतर ती जागेवर येते. साफ केल्या केल्या ग्रुप बघून घाबरणारे खूप.

आणि शिसं. पेलेट शिशाचं असतं, टेबलावर करडी भुकटी राहते, जुन्या डबीत पांढुरकी. त्या टेबलावर कडक भाकरी आणि शेंगाचटणी येता कामा नये, हे घरात एकदा ठणकावून सांगा. उठल्यावर साबणाने हात. टेबल आणि फरशी ओल्या कपड्याने पुसा, झाडूने भुकटी उडते. रांगतं मूल घरात असेल तर टेबल दुसऱ्या खोलीत आणि खोलीला कडी. छर्रेपेटीत साठलेलं शिसं घरी गॅसवर वितळवायला कोणी सांगितलं तर ऐकू नका, तसंच भंगारात द्या.

स्प्रिंगवाली

शिकाऊ पोरांकडे बहुधा नळी मोडून ताणायची स्प्रिंगवाली असते. तिचं निवारण थोडक्यात. धूर आणि जळका वास आला तर आत तेल जास्त झालंय. दाबामुळे तापलेल्या हवेत ते पेटतं आणि प्रत्येक शॉटचा वेग वेगळा होतो. तेल थांबवा, काही शॉट मारून ते संपू द्या. नळीच्या मागच्या टोकाला, सांध्यात असलेला सील बघायचा असेल तर सांध्याजवळ टिश्यू पेपरची पट्टी टेपने लावा आणि पेलेट घालून टार्गेटकडे शॉट मारा. पट्टी फडफडली तर सील गेला. रिकामी कधीही मारू नका, पिस्टन आपटतो. ही बंदूक कडक टेकूवर ठेवून मारली तर उडी मारते, म्हणून तिची चाचणी मऊ टेकूवर किंवा हलक्या हातावर ठेवून करायची. वरचा वाळूच्या पिशवीचा सल्ला तिला जसाच्या तसा लावू नका.

एवढं करूनही उभा ग्रुप लांबतच असेल तर रेग्युलेटरचं काम आहे. ते घरी खोलायचं नाही, आत दाब असतो. आधी सिलिंडर काढून बाजूला ठेवा, मग रायफल टार्गेटकडे धरून एक-दोन शॉट मारा म्हणजे आत अडकलेली हवाही निघेल. भरलेला सिलिंडर कुरिअरने पाठवू नका, एसटीच्या पार्सलमध्ये तर नकोच. दुरुस्तीला देताना पुण्याच्या किंवा मुंबईच्या माणसाला नुसतं "नेम लागत नाही" एवढं सांगू नका. सकाळचे आणि दुपारचे कागद, त्यांच्यावर लिहिलेले दाब आणि तापमान, पेलेटचं माप आणि लॉट नंबर एका पाकिटात घालून रायफलबरोबर द्या. त्याचे दोन दिवस वाचतात आणि तुमचे पैसे.